स्पिरिदोनच्या गाडीने पाठवलेलं पाकीट

१९ एप्रिल २०२४, शुक्रवार

स्नेझाना,

'प्रिय' लिहिलं तर तू हसशील, म्हणून नुसतं नाव लिहितो. माझा नंबर तू तुझ्या फोनमध्ये बंद करून ठेवला आहेस. शेजारच्या नाद्याने मला ते दाखवून दिलं आणि वर म्हणाली, "झाहारिया, पोरीने तुला कुलूप लावलंय रे!" आता सगळ्या गल्लीला ठाऊक आहे. तू रोज संध्याकाळी आईशी बोलतेस, मी त्याच खोलीत असतो, आणि तू तिला सांगतेस, "आई, स्पीकर बंद कर." तिला आता बटणं दिसत नाहीत. स्पीकर मीच बंद करतो.

म्हणून हे पत्र. स्पिरिदोनची गाडी आज बारा वाजता सांस्कृतिक भवनासमोरून सुटेल आणि रविवारी तुझ्या शहरात, पादोव्यात पोहोचेल. तुम्ही सगळ्या बायका तिथल्या मैदानात डबे घ्यायला जमता ना, तिथे. चीज आहे, अक्रोड आहेत, आईने हट्टाने भरलेली मिरची आहे. मिरच्यांची देठं तिने चाचपडत काढली आहेत, एखादं राहिलं असेल तर तिला बोलू नकोस.

आता मुद्द्याचं. डावा डोळा चार वर्षांपूर्वीच गेला. उजव्याचा पडदा वरून सुटत चाललाय. राजधानीतल्या डॉक्टरने कागद परत दिले आणि म्हणाला, "एकच डोळा उरलेल्या बाईला मी हात लावणार नाही, बाहेर न्या." तू तिकडचा दवाखाना शोधलास, सोळा मेची तारीख मिळवलीस, निम्मे पैसे स्वतः भरलेस. चांगलं केलंस. राहिलेले बेचाळीसशे युरो दहा मेपर्यंत दवाखान्याच्या खात्यात पडायला हवेत, नाहीतर तारीख जाईल. हे तू तुझ्या आईला, फ्रोसाला सहा वेळा सांगितलंस आणि तिने मला बारा वेळा. मी बहिरा नाही.

टेकडीखालची द्राक्षबाग विकतोय. गावातला लुपू घेतोय. तो ती उपटून तिथे रास्पबेरी लावणार आहे. माझ्या बापाने लावलेल्या वेली आहेत म्हटलं, तर म्हणतो, "काका, त्या वेलींना बघायला आता येतं कोण?" हे त्याने तुझ्याकडे बघून म्हणायला हवं होतं.

तुझा हुकूम आहे की पैसे बँकेतूनच पाठवायचे. बघू. तुला आठवणार नाही, तू पाळण्यात होतीस. आम्हा दोघांच्या पासबुकात तेव्हा एका मोटारीइतके पैसे होते. मी रंगही ठरवला होता. मग देश मोडला, पैसा मोडला, आणि त्या पासबुकातून शेवटी तुझ्या आईचे हिवाळी बूट आले. एक जोडी. तेही उजव्या पायाला चावत होते. बँक म्हणजे माझ्या दृष्टीने ते बूट.

अकरा वर्षांपूर्वी तू याच गाडीत चढलीस, तेव्हा मी सगळ्यांसमोर म्हणालो होतो, "जा, परक्या म्हाताऱ्यांची ढुंगणं धुवायला." बालवाडीची मास्तरीण होतीस तू. शब्द वाईट होता, मान्य. खोटा होता का, ते तूच सांग.

झाहारिया
(तुझा बाप)


१४ मे २०२४, मंगळवार

स्नेझाना,

पत्र देताना स्पिरिदोन तुला एक पाकीट देईल. त्यात बेचाळीसशे युरो आहेत, सगळ्या नोटा कोऱ्या. रबर लावलंय. त्याने ते आपल्या सीटखालच्या पेटीत ठेवलंय आणि माझ्यासमोर कुलूप घातलंय. वीस वर्षांत त्याच्या हातून कुणाचं एक नाणं हरवलेलं नाही. घेतो किती? एक बाटली कोन्याक. पावतीबिवती काही नाही, नुसता शब्द.

आधी कान उघडून ऐक, मग ओरड. शुक्रवारी रात्री तू फोनवर किंचाळत होतीस ते मला स्पीकर बंद असूनही ऐकू येत होतं. पैसे आले नाहीत, सोमवार संध्याकाळपर्यंत थांबतील, मग दुसऱ्याला तारीख देतील. आईने विचारलं तेव्हा मी सांगितलं की बँका सुट्टीवर आहेत. एक मे, मग ईस्टर, मग नऊ मे. आमच्याकडे मे महिन्यात उघडं असतं काय? तुमच्याकडच्यांचा ईस्टर मार्चमध्येच उरकला, म्हणून त्यांना घाई.

गाडीचं म्हणशील, तर गुड फ्रायडेला गाडी निघत नाही हे तुलाही माहीत आहे. पुढच्या शुक्रवारी मी स्पिरिदोनच्या दारात जाऊन उभा राहिलो. तो म्हणाला, "काका, सगळं गाव पितरांसाठी परत आलंय, आणि मी पितरांच्या सोमवारच्या आधी गाडी काढू? बायको मलाच कबरीत झोपवेल." बरोबरच आहे त्याचं. परवापासून अख्खं गाव स्मशानात होतं. आईला मी हाताला धरून नेलं. तुझ्या आजीच्या कबरीवर तिने पाव, अंडी, वाइनचा पेला सगळं स्वतः मांडलं. आल्यागेल्याला तुझ्या आजीच्या नावाने टॉवेल दिले. एकाच माणसाला तीन टॉवेल गेले, त्याने तिन्ही वेळा आभार मानले.

तर आज गाडी निघते, गुरुवारी सकाळी तू पाकीट घेशील, आणि गुरुवारीच तारीख आहे. आईच्या विमानाचं तिकीट तू रद्द केलंस असं ती रडत सांगत होती. उतावळी आहेस. परत काढ. गुरुवारी दुपारचंही विमान असतं म्हणे.

आता मी सांगतो तसं कर. थेट मोठ्या डॉक्टरकडे जा. पाकीट टेबलावर ठेव, उघडून. कुठल्याही दवाखान्यात समोर नोटा दिसल्या की तारीख सापडते, माझं आयुष्य गेलंय ह्यात. तुझ्या जन्माच्या वेळी मी डॉक्टरणीच्या डगल्यात पंचवीस रुबल सरकवले नसते, तर तू कॉरिडॉरमध्ये जन्मली असतीस. पन्नासाची एक नोट मी वेगळ्या कागदात गुंडाळली आहे. ती त्याच्या खिशात टाक, हळूच, हसून. तुला जमणार नसेल, तर तू सांभाळतेस त्या म्हातारीच्या, तुझ्या सिन्योराच्या मुलाला सांग.

बँकेच्या खर्चासाठी तू मागच्या गाडीने जे पाठवलं होतंस, त्याचं नंतर बोलू.

बाप


२४ मे २०२४, शुक्रवार

स्नेझाना,

त्या दिवशी तू आईला म्हणालीस, "आज स्पीकर बंद करू नकोस. त्यांना ऐकू दे." ऐकलं.

नोटा घेत नाहीत म्हणजे काय? चोरीच्या आहेत का? छापल्या कुणी, तुमच्याच लोकांनी ना? काउंटरवरच्या बाईने पाकिटाला बोटसुद्धा लावलं नाही, पेनच्या टोकाने तुझ्याकडे सरकवलं, असं तू सांगत होतीस. म्हणे खात्यातून खात्यात, दुसरं काही नाही. माझ्या बापाची बाग त्या बाईने पेनने ढकलली. आणि मला सांगा, ह्याला सुधारलेला देश म्हणायचं.

पन्नासाच्या नोटेबद्दल तू जे म्हणालीस ते जरा जास्त झालं. डॉक्टरने तुला बाजूला नेलं, नोट परत हातात दिली आणि "सिन्योरा, हे इथे करू नका" म्हणाला. बरं, मग? माणूस भला दिसतो. त्यात एवढं रडण्यासारखं काय? तू म्हणालीस, "अकरा वर्षं मी इथे मान वर करून राहिले, बाबा. एका कागदाच्या पुडीने तुम्ही मला खाली बसवलंत." 'बाबा' म्हणालीस. अकरा वर्षांनी म्हणालीस, आणि कशासाठी म्हणालीस.

आईने फोन ठेवल्यावर मला विचारलं, "झाहारिया, तुला माहीत नव्हतं?"

मी म्हणालो, "मला कसं माहीत असणार?"

हे खरं आहे. मला माहीत नव्हतं. हे मी पुन्हा लिहितो, कारण पुढचं सगळं तू माझ्या डोक्यावर मारणार आहेस.

आता ते पैसे तू तुझ्या खात्यात टाकायला गेलीस, तर तुझी बँक कागद मागते. कुठून आले, कुणी दिले, बाग कुणाची. खरेदीखत आज स्पिरिदोनबरोबर पाठवतोय, शिक्का आहे, भाषांतर तू करून घे. बघितलंस? पैसे द्यायला गेलं तरी बँक चोरासारखं वागवते. मी काय वेगळं सांगत होतो?

नवी तारीख वीस जून. सत्तावीस दिवस राहिले. आई डॉक्टरने सांगितल्याप्रमाणे उजव्या कुशीवर पडून असते. उठू देत नाही मी. काल म्हणाली, "कोंबड्यांना एकदा बघून येते." मी म्हणालो, "कोंबड्या तुला बघून जातील." एक उचलून आणली खाटेपाशी. हसली ती. तिला खालचा अर्धा भाग दिसत नाही, म्हणून कोंबडी वर धरावी लागली.

तू मात्र तिला सांग की काळजी करू नकोस. माझं ती ऐकते, पण विश्वास ठेवत नाही.

बाप


७ जून २०२४, शुक्रवार

स्नेझाना,

मंगळवारी गेला.

आई तुला फोनवर 'थोडं धूसर आहे' म्हणाली, तसं नाही. काही नाही आता. ती खाटेवर चेरीच्या बिया काढत होती, मी दार रंगवत होतो. ती म्हणाली, "झाहारिया, ढग आले का रे?" बाहेर ऊन डोक्यावर होतं. मी म्हणालो, "आलेत." मग ती म्हणाली, "नाही, वास उन्हाचा येतोय." आणि हातातली चेरी भांड्यात टाकली आणि दुसरी घेतली. सगळ्या चेरी संपवल्या तिने. मग हात पुसले आणि म्हणाली, "तिला आज सांगू नकोस, तिची आज रात्रीची पाळी आहे."

राजधानीला नेलं. डॉक्टर म्हणाला की तीन आठवड्यांपूर्वी झालं असतं तर बहुतेक वाचला असता. 'बहुतेक' म्हणाला. तू हा शब्द लक्षात ठेव. मीही ठेवतो, पण मला तो रात्री उपयोगी पडत नाही.

एक गोष्ट मला लिहायची आहे आणि मी ती तीन कागद फाडून लिहितोय. बँक बंद नव्हती.

तीस एप्रिलला, बाग विकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी तालुक्याच्या बँकेत गेलो होतो. पैसे कोटात, तू दिलेला खात्याचा नंबर हातात. माणसं चारच होती. खिडकीत एक पोरगी, नखांना हिरवा रंग. गोड बोलत होती. फॉर्म तिनेच भरला. मग म्हणाली, "आजोबा, पाठवायचे साडेसतराशे लेई होतील."

मी म्हणालो, "माझं पेन्शन किती आहे ठाऊक आहे का तुला? त्याच्या निम्म्याहून जास्त झालं हे! तू नुसती बटणं दाबणार."

"नियम आहे, आजोबा. शिवाय मधली बँकही थोडे कापेल."

"किती?"

"ते मला नाही सांगता येणार."

हे वाक्य मला डसलं. माझे पैसे, कापणार तो कोण, किती कापणार, आणि सांगता येणार नाही. मला ते बूट आठवले. मी फॉर्म तिच्यासमोर चारदा दुमडला आणि म्हणालो, "पोरी, तुझ्याएवढ्या वयात मी एकदा लुटला गेलोय, पुन्हा नाही." मागचे तिघे हसले. मला बरं वाटलं. सांगतो तुला, फार बरं वाटलं. घरी येताना मी स्टेशनाजवळ बिअर प्यालो.

फ्रोसाने विचारलं, "झालं का?" मी म्हणालो, "झालं."

ती पोरगी पाच मिनिटांत पैसे पाठवणार होती. दोन-तीन दिवसांत तिकडे पडतील, असंही म्हणाली होती.

बाप


१९ जुलै २०२४, शुक्रवार

स्नेझाना,

पाकीट परत मिळालं. रबरसुद्धा माझंच होतं. स्पिरिदोनने ते दोन्ही हातांनी दिलं आणि कोन्याकची बाटली नको म्हणाला. तो माणूस वीस वर्षांत पहिल्यांदा बाटलीला नको म्हणाला.

त्याच्याबरोबर आईच्या नावाने तुझं पत्र आलं. मी ते घेऊन तिच्याजवळ बसलो, उघडलं, आणि पहिलीच ओळ: 'आई, हे पत्र बाबांना वाचायला देऊ नकोस, नाद्याकडून वाचून घे.'

मी ती मोठ्याने वाचली.

आई म्हणाली, "मग?"

मी म्हणालो, "मग काय, नाद्याला बोलावू का?"

"नाद्याला दिलं तर उद्या भाकरवाल्यालाही पाठ होईल. वाच तूच."

वाचलं. माझ्याबद्दलचं सगळं वाचलं, 'अडाणी' हा शब्द दोनदा आहे, दोन्हीदा वाचला. तू वरच्या मजल्यावरची खोली घेतली आहेस, सिन्योराच्या मुलाने भाडं कमी लावलंय, खाली फरसबंद अंगण आहे, आईला तिथे बसता येईल. तेही वाचलं. मग ती ओळ आली. तिथे मी थांबलो.

"का थांबलास?"

"अक्षर लागत नाहीये."

"स्नेझानाचं अक्षर छापल्यासारखं असतं. वाच, झाहारिया."

'आई, बँकेचा खर्च त्यांना जड होईल हे मला ठाऊक होतं. म्हणून मी एप्रिलमध्येच नव्वद युरो वेगळे पाठवले होते, फक्त त्यासाठी. विचार त्यांना, ते कुठे आहेत.'

वाचलं. आईने तोंड माझ्याकडे वळवलं. मग शांतपणे म्हणाली, "आहेत का?"

"आहेत."

"सगळे?"

"सगळे."

"खर्च नाही केलेस."

"एक सेंटही नाही."

मला वाटतं तिला हेच जास्त लागलं. मी ते उडवले असते, दारू प्यायलो असतो, लुपूबरोबर पत्त्यात हरलो असतो, तर ती मला शिव्या देऊ शकली असती. तिने विचारलं, "मग कशासाठी रे?" आणि मी तिला जे सांगितलं तेच तुला लिहितो, कारण एकदा तोंडातून गेलंच आहे.

तू ऑपरेशननंतर आईला पोहोचवायला इथे येणार होतीस. अकरा वर्षांनी. मी मनात सगळं मांडून ठेवलं होतं. तू टेबलाशी बसशील, आईला तुझा चेहरा दिसत असेल, मी वाइन ओतेन आणि तुझे नव्वद युरो तुझ्यापुढे ठेवीन. म्हणेन, "घे. बँकेशिवायही झालं. तुझा अडाणी बाप काही अगदीच अडाणी नाही." बस, एवढंच. तू एकदा माझ्याकडे बघून 'हो, बाबा' म्हणावंस. त्यासाठी मी तिचा डोळा पणाला लावला. मला तेव्हा तसं वाटत नव्हतं. मला वाटत होतं की मी नुसती गाडीची वाट बघतोय.

ऐकून आई म्हणाली, "शेंगा आण."

घेवड्याच्या शेंगांची टोपली आणून दिली. तिने सगळ्या सोलल्या, एक दाणा खाली पडला नाही. मी समोर बसून राहिलो. हल्ली मी तिच्याजवळच असतो. विहिरीपर्यंत, अंगणात, संडासापर्यंत हाताला धरून नेतो, रात्रीसुद्धा खाट जवळ ओढून घेतली आहे. अपघात व्हायला नको. टोपली संपली तशी ती म्हणाली, "कागद घे. तिला लिही, मी येते."

"किती दिवस?"

"ते लिहू नकोस. नुसतं लिही, मी येते."

लिहिलं. वरचा वेगळा कागद तो आहे. खाली सही तिने स्वतः केली आहे, ओळीच्या बरीच वर गेली, पण तिचीच आहे. मी मधे काही घातलेलं नाही. घालता आलं असतं.

बाप


९ सप्टेंबर २०२४, सोमवार

स्नेझाना,

हे पत्र टपालाने पाठवतोय, कारण स्पिरिदोनच्या हातून पाठवायला मला लाज वाटते. का, ते पुढे वाचशील. आई काल तुझ्याकडे पोहोचली, हे नाद्याकडून कळलं. तू तिला फोन केलास म्हणे. बरं केलंस.

विमानाने जायला ती तयार झाली नाही. म्हणाली, "पासष्ट वर्षांत पहिल्यांदा देशाबाहेर पडतेय, रस्ता तरी अंगाला लागू दे." शुक्रवारी सकाळी मी तिची पिशवी भरली. तिचं प्रत्येक कापड मी तिच्या हातात देत होतो, ती चाचपून 'हे घे', 'हे नको' म्हणत होती. हिरवा रुमाल नको म्हणाली. तो हिरवा आहे हे तिला कळलं कसं, कुणास ठाऊक. बहुतेक कडेच्या शिवणीवरून.

ते नव्वद युरो मी तिच्या हातात ठेवले. तिने मोजले नाहीत, ब्लाउजमध्ये घातले. बेचाळीसशे मात्र त्याच आठवड्यात मी बँकेतून तुझ्या खात्यावर पाठवले आहेत, आईच्या खर्चासाठी. त्याच पोरीने पाठवले. तिने मला ओळखलं, आणि फॉर्म पुन्हा तिनेच भरला. हे तुला फक्त कळवतोय. त्यावरून मी शहाणा झालो असं समजू नकोस.

बारा वाजता गाडी लागली. बायकांनी आपापले डबे, पोती आत सारली. आईला मी ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी बसवलं, पट्टा लावला, गुडघ्यावर शाल टाकली. पाण्याची बाटली कुठे आहे ते तिच्या हातानेच दाखवलं. मी म्हणालो, "पोहोचलीस की सांग."

ती म्हणाली, "स्नेझाना सांगेल नाद्याला."

"थंडी वाजली तर शाल आहे."

"हो."

"मी निघतो मग."

"नीघ."

मी उतरलो. दार उघडंच होतं, स्पिरिदोन मागे सामान बांधत होता. मी खिडकीखाली उभा राहिलो. जाऊ शकलो नाही. गाडी सुटेपर्यंत उभं राहावं, एवढंच मनात होतं. चव्वेचाळीस वर्षं एका घरात काढली आम्ही. काच उघडी होती. हात वर केला असता तर तिच्या कोपराला लागला असता.

स्पिरिदोन पुढे येऊन बसला. आईने त्याच्या आवाजाच्या दिशेला तोंड वळवून विचारलं, "स्पिरिदोन, म्हातारा गेला का रे?"

स्पिरिदोनने काचेतून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. सांग तिला, गेला म्हणून. मला तेव्हा काय करतोय ते कळत नव्हतं.

"गेले, मावशी," तो म्हणाला. "वळले सुद्धा कोपऱ्यावरून."

"नक्की?"

"नक्की."

तेव्हा तिने दोन्ही हात तोंडावर घेतले आणि ती रडली. स्नेझाना, मी तिला चव्वेचाळीस वर्षांत असं रडताना बघितलेलं नाही. तिची आई गेली तेव्हा नाही, तू गेलीस तेव्हा नाही. जूनपासून तर तिच्या डोळ्यांतून पाणी आलेलं मी बघितलंच नव्हतं, मला वाटायचं की लोक म्हणतात तसं डोळा मेला की पाणीही आटतं. शाल खाली पडली. स्पिरिदोन स्टिअरिंग धरून पुढे बघत बसला, बिचारा.

बऱ्याच वेळाने ती थांबली, नाक पुसलं, आणि त्याला म्हणाली, "माफ कर हं पोरा. घरात रडायला जागाच नव्हती. तो सारखा जवळ असायचा."

मग गाडी सुटली.

तिची काळजी घे. सकाळी तिला कोमट दूध लागतं, साखर नको. चालताना हात धरू नकोस, तिलाच तुझा हात धरू दे, नाहीतर ती गोंधळते. आणि एक विनंती आहे, आजवर तुला कधी केली नव्हती. मी तिथेच उभा होतो, हे तिला सांगू नकोस.

बाप